मुदत टळल्यावर सापडलेली बिलबुकं : ट्रेड मार्क ऑपोझिशनमध्ये उशिरा आलेल्या पुराव्याचं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडजवळ एका कुटुंबाचा मसाल्यांचा धंदा आहे. सासऱ्यांनी 1991 मध्ये सुरू केला, आता सूनबाई बघतात. त्यांच्या नावाशी मिळतंजुळतं नाव दुसऱ्या एका उत्पादकाने मसाल्यांसाठीच रजिस्टर करायला टाकलं. ट्रेड मार्क जर्नलमध्ये जाहिरात दिसल्यावर त्यांनी चार महिन्यांच्या आत ऑपोझिशन, म्हणजे त्या नोंदणीला विरोध, टाकलं. समोरच्याचं काउंटर स्टेटमेंट, म्हणजे त्या विरोधाला लेखी उत्तर, 9 जानेवारीला एजंटच्या ईमेलवर आलं. पुराव्याचं कुणी मनावर घेतलं नाही. मे महिन्यात घराची डागडुजी करताना पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत 1993 ते 1999 ची बिलबुकं सापडली. त्या विचारतात, "ही बिलं आता देता येतील का? एजंट म्हणतात, उशीर माफ करून घेऊ."

ताई, याचं उत्तर बिलं किती जुनी आहेत यावर ठरत नाही. तुम्ही न लिहिलेल्या एका गोष्टीवर ठरतं : 9 मार्चच्या आत तुमच्या बाजूने रजिस्ट्रारकडे काहीतरी गेलं होतं का? ॲफिडेव्हिट, नाहीतर निदान एक साधं पत्र? गेलं असेल तर तुमची बिलबुकं उशिरा आलेला पुरावा आहे आणि त्याला दार आहे. काहीच गेलं नसेल तर उशिराचा प्रश्नच उरत नाही, कारण ज्या प्रकरणात तो पुरावा द्यायचा ते प्रकरणच कायद्याच्या नजरेत संपलेलं आहे. गेली वीसेक वर्षं मी याच कामात आहे. हा फरक लोकांना वेळेवर कुणी सांगत नाही याचा मला मनापासून त्रास होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्रेड मार्क नियम, 2017 मधला नियम 45 सांगतो की काउंटर स्टेटमेंटची प्रत बजावल्यापासून दोन महिन्यांत ऑपोझिशन घेणाऱ्याने दोनपैकी एक गोष्ट करायची. एक तर प्रतिज्ञापत्रावर पुरावा दाखल करायचा, नाहीतर रजिस्ट्रारला आणि समोरच्याला लेखी कळवायचं की आम्हाला पुरावा द्यायचा नाही, ऑपोझिशनच्या नोटिशीत लिहिलेल्या गोष्टींवरच आम्ही विसंबून आहोत. दोन्ही केलं नाही, तर ऑपोझिशन सोडून दिलं असं मानलं जातं. रजिस्ट्रीच्या, म्हणजे ट्रेड मार्क कार्यालयाच्या, भाषेत 'डीम्ड अबॅन्डन्ड'. मुदतवाढीचा शब्दही त्या नियमात नाही.

तुमचे एजंट "माफ करून घेऊ" म्हणतात ते कुठून येतं तेही सांगतो, कारण त्यात तथ्य होतं. 1958 च्या कायद्याखाली 1959 चे नियम होते. त्यातही ऑपोझिशन सोडल्याचं मानण्याची तरतूद होती, पण तिच्यात मोजकेच मोलाचे शब्द होते : रजिस्ट्रारने वेगळा आदेश दिला नसेल तर. त्या शब्दांच्या जोरावर पुरावा महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं उशिरा यायचा, मुदतवाढीवर मुदतवाढ मिळायची. पुढे 1999 चा कायदा 15 सप्टेंबर 2003 पासून लागू झाला आणि सोबत 2002 चे नियम आले. त्यात ते शब्द गेले आणि दोन महिन्यांवर जास्तीत जास्त एक महिना वाढ मिळेल अशी सोय राहिली. 6 मार्च 2017 पासून आताचे नियम आले, आणि तो एक महिनाही गेला. म्हणजे तीन पायऱ्यांत दार आधी किलकिलं झालं आणि मग लागलं. जुन्या काळात तयार झालेले लोक अजून पहिल्या पायरीवरचा अनुभव सांगतात. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण अशिलाचं नुकसान व्हायचं ते होतंच.

न्यायालयांचा कलही त्याच दिशेने गेला. फेब्रुवारी 2024 मध्ये सन फार्मा विरुद्ध डाबर या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ही मुदत बंधनकारक धरली. नियम करणाऱ्याने मुदतवाढीचा अधिकार मुद्दाम काढून घेतला असेल, तर रजिस्ट्रारने तो मागच्या दाराने परत आणायचा नाही, असा त्या विचाराचा गाभा आहे. हा निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही, आणि महाराष्ट्र-गोव्यातली प्रकरणं अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनातून चालतात. तरी मुंबईतही समोरचा वकील पहिल्या वाक्यात हाच निकाल टाकणार. ग्राहक कायद्यातल्या लेखी जबाबाच्या मुदतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध हिल्ली मल्टिपर्पज या निकालात तीस अधिक पंधरा दिवसांच्या पुढे एक दिवसही नाही असं सांगितलं, तेव्हापासूनच वारं कुठल्या बाजूचं आहे ते कळत होतं.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो, मीही केलेला आहे. ट्रेड मार्क कायद्याचं कलम 131 रजिस्ट्रारला मुदत वाढवण्याचा सर्वसाधारण अधिकार देतं, मुदत संपून गेल्यावरही. अपवाद फक्त कायद्यातच स्पष्ट दिलेल्या मुदतींचा. पुराव्याचे दोन महिने कायद्यात नाहीत, नियमात आहेत, मग 131 का चालू नये? ऐकायला बरा वाटतो. पण कलम 21 स्वतःच म्हणतं की पुरावा ठरवून दिलेल्या रीतीने आणि ठरवून दिलेल्या मुदतीतच द्यायचा, आणि नियम 45 मुदत चुकल्याचा परिणामही तिथल्या तिथे सांगून मोकळा होतो. दिल्लीच्या निकालानंतर या युक्तिवादावर अख्खं प्रकरण लावण्याचा सल्ला मी कुणाला देणार नाही. उशीर माफ करण्याच्या, लिमिटेशन कायद्यातल्या कलम 5 चं नाव कुणी घेतलं तर तो कायदा मुळात न्यायालयांसाठी आहे हे लक्षात ठेवा. एक आधार खरा होता, तो कोविडचा. सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला होता. त्याने अनेकांची ऑपोझिशनं वाचली, पण तुमच्या तारखांना त्याचा उपयोग नाही.

आता तुमच्या कागदांकडे येतो. सगळ्यात आधी 9 जानेवारी ही तारीख तपासा. ती तारीख कसली आहे? काउंटर स्टेटमेंट पोर्टलवर दिसू लागलं तो दिवस, की तुम्हाला बजावलं तो दिवस? दोन महिने बजावल्यापासून मोजतात. पोर्टलवर कागद चढला म्हणजे बजावणी झाली असं होत नाही. ईमेल रजिस्ट्रीकडूनच आला होता का, अर्जावर दिलेल्या पत्त्यावरच आला होता का, सोबत काउंटर स्टेटमेंटची प्रत खरंच जोडलेली होती का, हे सगळं उघडून बघा. एजंटकडून तो मूळ ईमेल जसाच्या तसा मागून घ्या, नुसता स्क्रीनशॉट नको.

इथे मद्रास उच्च न्यायालयाच्या 2023 च्या एका निकालाचा दाखला लोक देतात. त्यात रजिस्ट्रीने ईमेल पाठवल्याची यादी दाखवली आणि न्यायालयाने ती पुरेशी मानली नाही, नोटीस मिळाल्याचा पुरावा मागितला. निकाल चांगला आहे, पण वापरताना जपून. तो अर्जदाराच्या काउंटर स्टेटमेंटच्या मुदतीबद्दल होता, आणि त्या मुदतीसाठी कलम 21 मध्ये 'मिळाल्यापासून' असा शब्द आहे. आपल्या नियम 45 मध्ये 'बजावल्यापासून' आहे, आणि नियम 18 सांगतो की ईमेल पाठवला तेव्हाच बजावणी झाली असं धरायचं. म्हणजे "ईमेल स्पॅममध्ये गेला" किंवा "एजंटने दोन महिन्यांनी पुढे पाठवला" हे कारण तिथे टिकणं कठीण आहे. ईमेल आलाच नाही, चुकीच्या पत्त्यावर गेला, रिकामा आला, हे दाखवता आलं तरच बोलण्यासारखं काही असतं.

मोजणीही नीट करा. दोन महिने म्हणजे साठ दिवस नव्हेत, कॅलेंडरचे महिने. 9 जानेवारी हा बजावणीचा दिवस सोडायचा, शेवटची तारीख 9 मार्च. साठ दिवस मोजलेत तर फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा असताना एक दिवस पुढची तारीख हाती येते आणि घात होतो.

समजा 9 मार्चच्या आत एजंटने ते साधं पत्र पाठवलेलं निघालं. एक पानाचं असतं : आम्ही वेगळा पुरावा देत नाही, नोटिशीतल्या मजकुरावर विसंबतो. अनेकजण न विचारताच ते पाठवून ठेवतात, म्हणून आधी चौकशी करा, चिडू नका. ते गेलं असेल तर तुमचं ऑपोझिशन जिवंत आहे, आणि बिलबुकांसाठी नियम 48 आहे. तो आधी सांगतो की यापुढे कुणीही आणखी पुरावा द्यायचा नाही, आणि लगेच सांगतो की रजिस्ट्रारला योग्य वाटलं तर तो केव्हाही, खर्च किंवा इतर अटी घालून, परवानगी देऊ शकतो. उशिराच्या पुराव्याचं खरं दार हेच. मात्र नियम 45 खाली मेलेलं ऑपोझिशन 48 ने जिवंत होत नाही. 48 चालू प्रकरणासाठी आहे.

परवानगीचा अर्ज टीएम-एम फॉर्मवर करायचा. बहुतेक अर्ज पडतात ते एकाच कारणाने : त्यात कारण नसतं. "अपरिहार्य कारणास्तव विलंब झाला" हे वाक्य मी शेकडो अर्जांत वाचलंय आणि त्याचा उपयोग झालेला एकदाही पाहिलेला नाही. तुमच्याकडे खरी हकीकत आहे, तीच लिहा. सासरे कधी वारले, त्यांच्यानंतर दुकानाची कागदपत्रं कुठे होती, तुम्ही आधी कुठे कुठे शोधलंत, ट्रंक कोणत्या तारखेला उघडली, तेव्हा घरात कोण होतं. ज्या गवंड्याने ती खाली काढली त्याचंही छोटं प्रतिज्ञापत्र जोडता आलं तर जोडा. मग ही बिलं कोणत्या मुद्द्यावर आहेत ते एका वाक्यात सांगा : समोरचा अमुक सालापासून वापर सांगतो, ही बिलं त्याच्या आधीची आहेत. नोटिशीत तुम्ही 1991 पासूनचा वापर लिहिला असेल तर काम सोपं होतं, कारण बिलं जुन्याच म्हणण्याला आधार देतात. लिहिला नसेल तर समोरचा म्हणणार की ही नवी केस आहे. आणि पुरावा अर्जासोबतच जोडा. आधी परवानगी, मग कागद, असं करू नका, कारण रजिस्ट्रारला काय आत घ्यायचं आहे ते दिसलं पाहिजे. समोरच्याला उत्तराची संधी द्यायला आणि खर्च सोसायला तयार असल्याचंही स्वतःहून लिहा.

वेळ महत्त्वाची आहे. बिलं मेमध्ये सापडली, तर अर्ज मेमध्येच जाऊ दे. सुनावणीची नोटीस आल्यावर अर्ज केला की तो मुद्दाम ताणण्यासाठी केला असं वाटतं. एरवीही सुनावणीत तारखा दोनच मिळतात, त्याही तीस तीस दिवसांच्या आतल्या.

उशिरा आलेल्या कागदाकडे सगळे संशयाने बघतात, आणि बघावंच. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ हळदीच्या धंद्याची 2007 ची बिलं घेऊन माझ्याकडे आले होते. कागद पिवळा, कडा खाल्लेल्या, शिक्का अस्पष्ट. रकमेच्या रकान्यावर रुपयाचं चिन्ह छापलेलं होतं, आजचं, दोन आडव्या रेघांचं. ते चिन्ह सरकारने स्वीकारलं 2010 च्या जुलैमध्ये. मी बिल त्यांच्यापुढे ठेवून त्या चिन्हावर बोट ठेवलं. ते काही बोलले नाहीत, बिलं पिशवीत घातली आणि गेले. मी ते काम घेतलं नाही. समोरच्या वकिलाला हे दिसायला दोन मिनिटं लागली असती, आणि मग त्यांची खरी बिलंही कुणी खरी मानली नसती. शिवाय प्रतिज्ञापत्रावर खोटा कागद देणं हा गुन्हा आहे.

म्हणून तुमची बिलबुकं पाठवण्याआधी स्वतःच परक्याच्या नजरेने बघा. 1994 च्या बिलावर मोबाईल नंबर असू शकत नाही, आपल्याकडे मोबाईल सेवाच 1995 मध्ये सुरू झाली. जीएसटी क्रमांक जुलै 2017 च्या आधीच्या बिलावर असू शकत नाही. फोन नंबर किती आकडी आहे, छापखान्याचं नाव खाली आहे का, बिलांचे क्रमांक आणि तारखा सोबत पुढे सरकतात का, कार्बन प्रत कार्बनचीच वाटते का, हे बघा. सगळं जुळलं तर हेच मुद्दे तुमच्या बाजूने प्रतिज्ञापत्रात लिहा. जुन्या छापखान्याचं नाव आणि पाच आकडी फोन नंबर यांचं वजन लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप जास्त असतं.

आणखी एक गोष्ट बिलात शोधा. त्यावर तुमचं मसाल्याचं नाव आहे, की फक्त दुकानाचं? "कांदा लसूण मसाला, 2 किलो" एवढंच लिहिलेलं असेल तर विक्री सिद्ध होते, नावाचा वापर नाही. बिलाच्या डोक्यावर किंवा मालाच्या रकान्यात ते नाव हवं. मग त्याच काळातली एखादी छापील पिशवी, लेबलचा ब्लॉक, जत्रेतल्या स्टॉलचा फोटो, स्थानिक वर्तमानपत्रातली दिवाळीची जाहिरात शोधा. एकाच वर्षाची चारशे बिलं लावण्यापेक्षा दर वर्षाची पाच-सहा, वेगवेगळ्या गावांची लावलीत तर सलग वापर दिसतो. बिलं मराठीत आहेत, तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर साक्षांकित करून सोबत द्यावं लागतं. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांची धावपळ होते ती याच कामासाठी. आणि प्रत समोरच्याला त्याच दिवशी पाठवा, पाठवल्याचं रजिस्ट्रारला त्याच दिवशी कळवा. रजिस्ट्रीत वेळेवर आणि समोरच्याला उशिरा, यावरून वाद उभे राहिलेले मी पाहिलेत.

आता वाईट शक्यता. 9 मार्चपर्यंत काहीच गेलेलं नाही आणि बजावणीही बिनचूक आहे. मग मी तुमच्याकडून विलंब माफीच्या अर्जाचे पैसे घेणार नाही. सोडून दिल्याचा आदेश आला तर कलम 91 खाली तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील आहे, पण ते बजावणीत खरंच खोट असेल तरच करा. तुमचा दावा मात्र संपलेला नाही. ऑपोझिशन मुदतीवर गेलं, तुमच्या हक्कावर कुणी निकाल दिलेला नाही. समोरच्याचं नाव रजिस्टर झाल्यावर कलम 57 खाली ते रद्द करायचा अर्ज करता येतो, रजिस्ट्रारकडे किंवा उच्च न्यायालयात. रजिस्ट्रारकडे केलात तर तिथेही काउंटर स्टेटमेंट आणि पुराव्याचं तेच चक्र आहे, म्हणून या वेळी प्रतिज्ञापत्र आधी तयार करा आणि अर्ज नंतर टाका. शिवाय कलम 34 आहे. त्याच्या वापराच्या आणि नोंदणीच्या तारखांत जी आधीची असेल तिच्याही आधीपासून तुम्ही सलग ते नाव वापरत असाल, तर रजिस्ट्रेशनच्या जोरावर तो तुम्हाला थांबवू शकत नाही. पासिंग ऑफचा, म्हणजे तो आपला माल तुमचा म्हणून खपवतो असा, दावाही तुम्हाला मोकळा आहे. या तिन्ही ठिकाणी ट्रंकेतली बिलबुकंच तुमचा कणा आहेत.

हे वाचणाऱ्यांत दुसऱ्या बाजूचेही असतील, ज्यांच्या अर्जाविरुद्ध ऑपोझिशन आहे आणि समोरच्याचा पुरावा दहा दिवस उशिरा आलाय. त्यांच्यासाठी एकच गोष्ट, पण ती फार महागात पडते म्हणून सांगतो. लगेच लेखी हरकत घ्या की ऑपोझिशन संपलेलं आहे. पण तेवढ्यावर हात बांधून बसू नका. नियम 46 तुम्हालाही पुरावा मिळाल्यापासून दोनच महिने देतो, आणि चुकलात तर तुमचा अर्जच सोडून दिला असं मानलं जातं. हरकत कायम ठेवून, तसं पहिल्याच परिच्छेदात लिहून, आपला पुरावा मुदतीत दाखल करा. निदान काउंटर स्टेटमेंटवर विसंबतो असं पत्र तरी द्या. एका लघुउद्योजकाचा अर्ज असाच गेला. हरकत अगदी बरोबर होती, पण तिच्यावर आदेश येईल म्हणून त्यांचे वकील थांबले आणि त्या वाट पाहण्यात स्वतःचे दोन महिने संपले. नवा अर्ज करता आला, पण दाखल करण्याची तारीख चार वर्षांनी पुढे गेली, आणि मधल्या काळात त्याच वर्गात आणखी दोघे येऊन बसले होते.

ताई, उद्या सकाळी एवढं करा. एजंटला फोन करून 9 जानेवारी ते 9 मार्च या काळात पोर्टलवर आपल्याकडून काय दाखल झालं त्याच्या पावत्या मागा. पावती असेल तर त्याच दिवशी नियम 48 च्या अर्जाचं काम सुरू करा. बिलबुकांतलं एकही पान फाडून वेगळं करू नका, लॅमिनेशन करू नका, पुसट अक्षरांवर पेन फिरवू नका. बुक मिटलेलं असताना पुठ्ठ्याचा फोटो, मग प्रत्येक पानाचा, क्रमाने. ज्या ट्रंकेत सापडली ती ट्रंकही ठेवून द्या, आणि पोटमाळ्याचा फोटो डागडुजी पुढे जाण्याआधी काढून घ्या.